पांढऱ्या दोऱ्याचं लोणी

आमच्या दुकानात कुणी विचारलं, की लसणाशिवायचं हिरवं लोणी का ठेवत नाही, तर यंदाच्या हिवाळ्यापर्यंत माझी सून हसून सांगायची, "आमच्या मम्मींनी एकदा दोरा चुकीचा बांधला, एका जैन आजीबाईंना लसूण खायला घातला. तेव्हापासून हात जोडले." गिऱ्हाईक हसायचं, लसणाचं घ्यायचं नाहीतर पुढं जायचं. सुनेच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं ही गोष्ट नवऱ्याकडून ऐकली, त्यानं माझ्याकडून. मी गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून ती कितीदा ऐकली आणि दर वेळी गिऱ्हाइकाबरोबर हसलो.

दोरा बरोबर बांधलेला होता. लसूण मी खायला घातला होता, आणि तो कुठला दोरा आहे हे बघून घातला होता. आता वय झालं आहे, तेव्हा सगळं सांगून टाकतो.

आम्ही जळगावकडचे. सुरतेत उधन्याला मी पॉवरलूमवर होतो. मागांच्या आवाजानं कान बधिर व्हायला लागले तसं ते काम सोडलं आणि सँडविचची लारी, म्हणजे हातगाडी, टाकली. कोळशाची शेगडी आणि लांब दांड्याचे लोखंडी चिमटे, बस. चिमट्यात पाव दाबायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. तसल्या लाऱ्या उधन्यात चिकार होत्या. माझ्याकडे गिऱ्हाईक थांबायला लागलं ते बायकोच्या लोण्यामुळे.

आमच्याकडे भरीत करताना भाजलेल्या मिरच्या आणि लसूण बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, कुटतात. एकदा तिनं त्या कुटलेल्या मिरच्यांवरच घरचं लोणी टाकलं, मूठभर कोथिंबीर टाकली आणि सगळं पुन्हा कुटलं. सकाळी लारीवर देताना म्हणाली, "पावले लावी देखा." मी ते पावाला लावून निखाऱ्यावर धरलं, तर शेजारचा पानवाला टपरी सोडून विचारायला आला, काय जळतंय म्हणून.

पुढं तिनं त्याची पद्धत बसवली. कोथिंबीर आदल्या संध्याकाळी धुऊन फडक्यावर पसरायची, कारण पाण्याचा अंश राहिला की लोणी तापल्या लोखंडावर तडतडतं आणि पाव ओला होतो. मिरच्या तळायच्या नाहीत, निखाऱ्यावरच भाजायच्या. मीठ शेवटी. मग ओल्या मलमलीत त्याची वळकटी करायची, कागदात गुंडाळायची, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. दोरा मागावरच्या सुताचा. सुरी ती वापरत नसे, त्याच दोऱ्यानं वळकटीच्या चकत्या पाडत असे. ती चकती भाजलेल्या मक्यावर ठेवा, पनीरवर ठेवा, नुसत्या गरम भातावर ठेवा.

लारीसमोरच्या इमारतीत एक बा, म्हणजे गुजराती आजीबाई, राहायच्या. जैन, तेव्हाच नातवंडं झालेल्या, पांढरी साडी, कमरेला किल्ल्या. त्या रोज वरून वास घ्यायच्या आणि एक दिवस खाली येऊन मला नाही, बायकोला म्हणाल्या, "बेन, हे आमच्यासाठी नाही का होणार?"

बायकोनं ते मनावर घेतलं. बांसाठी तिनं वेगळा दगडी खल घेतला, वेगळं फडकं केलं. लसणाऐवजी हिंग, जिरं आणि मिरं. सकाळी अंघोळ झाली की आधी बांचं लोणी करायचं, ते बांधून पेटीत गेलं की मगच लसूण सोलायला घ्यायचा. हा क्रम तिनं कधी मोडला नाही, तापातसुद्धा. बिनलसणाच्या वळकटीला पांढरा दोरा, लसणाच्या वळकटीला लाल. बांनी पहिल्यांदा कच्च्या केळ्याचं सँडविच त्या लोण्यात भाजून घेतलं तेव्हा आधी बायकोचे हात हुंगले. मग खाल्लं. त्यानंतर त्यांच्या इमारतीतल्या बाकीच्या बायकाही यायला लागल्या, घरी न्यायला वळकट्या मागायला लागल्या. "एनो हाथ चोख्खो," हिचा हात स्वच्छ, असं बा सगळ्यांना सांगायच्या. बायको मला ते घरी येऊन पुन्हा सांगायची. तिचं कौतुक दुसऱ्या कुणी असं केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी स्वतः केलं नव्हतं.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. बा सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायच्या नाहीत, म्हणून नेहमी उन्हात यायच्या. त्या दिवशी त्यांना उशीर झाला, कारण बरोबर सुनेच्या माहेरची माणसं होती. लांबूनच मला म्हणाल्या, "भाई, पेलुं लीलुं, ते हिरवं बटर! मी यांना सांगून आणलंय, जल्दी कर." मी पेटी उघडली तर पांढऱ्या दोऱ्याची वळकटी संपलेली. बायकोनं घरी आणखी एक करून ठेवली होती. घर मागच्याच गल्लीत. ती म्हणाली, "मी आत्ते आनस," आणि बा लारीशी पोचायच्या आत धावत गेली.

पाहुणे उभे होते. ऊन समोरच्या गच्चीवर चढलं होतं. बा दोनदा वर बघून म्हणाल्या, "भाई, दहाडो जाय छे, दिवस चालला." मला साधं लोणी लावता आलं असतं. थांबा म्हणता आलं असतं. पण त्यांनी पाहुण्यांना सांगून आणलं होतं, आणि माझ्या लारीवर ती वस्तू नाही असं मला म्हणायचं नव्हतं. मी लाल दोऱ्याची वळकटी काढली. हिवाळ्यात आम्ही पाकळ्यांऐवजी लसणाची हिरवी पात घालायचो, ती कोथिंबिरीत दिसून येत नाही. मी मनाला म्हटलं, पात तर आहे, लसणाचा गड्डा थोडाच आहे. लाल दोरा मी स्वतः सोडला. त्याच दोऱ्यानं चकत्या पाडल्या. पाव भाजून दिला.

बांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला चावणं थांबलं. त्यांनी रुमालात घास काढला आणि अगदी हळू विचारलं, "आमां लसण छे?"

तेवढ्यात बायको गल्लीच्या तोंडाशी आली. धापा टाकत, हातात स्टीलचा डबा, डब्यात पांढऱ्या दोऱ्याची वळकटी. मी तिच्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "हिनं दोरा चुकीचा बांधला."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग शेगडीशेजारी पडलेल्या लाल दोऱ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं हे मला तेव्हाच दिसलं. डबा उघडून, बांचं लोणी तर मी आत्ता आणतेय, एवढं म्हटलं असतं तरी माझं खोटं तिथंच पडलं असतं. पण माणसं जमली होती, आणि लारी माझी होती. तिनं डबा पदराखाली घेतला आणि म्हणाली, "भूल थई गई, बा."

बा तिच्यावर ओरडल्या नाहीत. "बेन, तारा पर तो भरोसो हतो," एवढंच म्हणाल्या आणि रुमाल मुठीत धरून वर गेल्या. नंतर कळलं, त्यांनी त्याचं प्रायश्चित्त म्हणून उपास केले.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, की गर्दीत सुचलं नाही, उद्या बांना सांगतो. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. आठवडा गेल्यावर ते सांगणं आणखी अवघड झालं, आणि मग बायकोनं विचारलं नाही म्हणून मी ते विसरल्यासारखं केलं. इमारतीतल्या बायका यायच्या बंद झाल्या. बायको लारीवर यायची बंद झाली. लसणाचं लोणी ती घरी करून पाठवायची, दोन्ही टोकांना लाल दोरा. दगडी खल तिनं फळीवर उपडा घालून ठेवला. मुलगा मोठा झाला तेव्हा मी त्याला तीच गोष्ट सांगितली जी लोकांना सांगितली होती. सांगता सांगता तिच्यात गंमतही घातली. धांदरट आई, बदललेला दोरा. मुलगा हसायचा. बायको आत भांडी लावत असायची.

लारीचं दुकान झालं. मुलानं भाजायची मोठी जाळी बसवली, पनीर, मका, मशरूम सगळं त्या लोण्यावर चालतं. यंदाच्या हिवाळ्यात सून म्हणाली, आजूबाजूला जैन सोसायट्या झाल्यात, आपण लसणाशिवायचं परत सुरू करू. तिनं मोबाईलवर बघून तयारी केली. कोथिंबीर फडक्यावर पसरली, हिंग मोजून घेतला. बायको समोर बसून काड्या निवडत होती. फळीवरचा खलही तिनंच काढून दिला. सुनेनं वळकटी केली तेव्हा बायकोनं दोरा घ्यायला हात पुढं केला.

"मम्मी, तुम्ही राहू द्या," सून हसत म्हणाली. "दोरा मी बांधते. पुन्हा काही व्हायला नको!"

बायकोनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "दोरा बरोबर होता."

"काय पप्पा?"

"दोरा तिनं बरोबर बांधला होता. लाल होता. मी बघून सोडला."

सुनेला आधी कळलंच नाही. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सूर्य, पाहुणे, डबा. ती सासूकडे बघत राहिली. "मम्मी, तुम्हाला माहीत होतं? आणि मी रोज दुकानात..." तिचे डोळे भरले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी कितीदा सांगितलं ते. तुम्ही तिथंच बसलेले असायचात, पप्पा."

बायको काड्या निवडत होती. म्हणाली, "सुनेले सांगीसन काय व्हनार? जिनं खादं तिले सांगा."

"त्या आता म्हाताऱ्या झाल्या," मी म्हणालो. "त्यांना दुखेल."

"माले नही दुखनं?"

एवढ्या वर्षांत तिनं हे एकदाच म्हटलं.

मी दुसऱ्या दिवशी बांकडे गेलो. त्याच इमारतीत, त्याच घरात. बा पलंगावर बसून जप करत होत्या. त्यांच्या सुनेनं मला ओळखलं नाही. लारीवाला म्हटल्यावर ओळखलं आणि चेहरा बदलला. बांना ऐकू कमी येतं हे मला माहीत नव्हतं. मी वाकून हळू आवाजात बोललो, कारण दार उघडं होतं आणि जिन्यात माणसं होती.

"मोठ्यानं बोल, भाई."

मी पुन्हा सांगितलं.

"कोणी दिला लसूण?"

"मी, बा!"

"तारी वहूए? तुझ्या बायकोनं?"

"नाही! मी! जाणून दिला!"

हे मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की जिन्यातलं बोलणं थांबलं. लिफ्टचं दार कुणीतरी धरून ठेवलं होतं. बा त्यांच्या गुजरातीत, सावकाश म्हणाल्या, "मी समजले भूल झाली. भुलीचं मी करायचं ते केलं. तू जाणून दिलंस, त्याचं आता मी काय करू?"

मला वाटलं होतं त्या रागावतील नाहीतर माफ करतील. या दोन्हींची मी तयारी केली होती.

"आणि बेननं तर स्वतः म्हटलं, भूल थई गई."

"माझ्यासाठी म्हणाली, बा."

त्यांनी माळ बाजूला ठेवली. "मी तिला सगळ्या मकानात नावं ठेवली..." मग म्हणाल्या, "तिला पाठव. तू येऊ नको."

मी घरी येऊन तसंच सांगितलं. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, की मोठ्यानं सांगितलं का. हो म्हणालो. जिन्यात कोण होतं तेही विचारलं.

पुढच्या सकाळी ती अंघोळ करून स्वयंपाकघरात गेली आणि मला म्हणाली, "बाहेर बसा." सून तिच्या शेजारी बसली, खल धरून. दारातून मला दिसत होतं. बटणांच्या डब्यातून तिनं मागावरच्या पांढऱ्या सुताची गुंडाळी काढली. ती तिनं जपून ठेवली होती हे मला माहीत नव्हतं. दोन्ही टोकं तिनंच बांधली. मग दोघी डबा घेऊन, जिना उतरून बांकडे गेल्या.

तिथं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. दुपारी परत आल्या तेव्हा डबा रिकामा नव्हता, बांच्या घरचे खाखरे होते. बायकोनं एक सुनेला दिला, एक स्वतः खाल्ला, उभ्याउभ्याच. मग लसणाची टोपली पायानं माझ्यापुढं सरकवली.

"आत्ते सोला," ती म्हणाली.

मी सोलायला बसलो.