वकील की साक्षीदार

मोठ्या शहरात वकिली करायची म्हणजे आधी राहायला जागा हवी, आणि जागा परवडायची तर आधी वकिली चालायला हवी. सनद हातात आल्यापासून ती या चक्रात गरगरत होती. एका खोलीत चौघी मुली, उशाशी दुसऱ्याच्या फायली. ज्या वकिलांकडे ती उमेदवारी करायची ते काम ढीगभर द्यायचे, पण पगाराचा विषय निघाला की नेमका त्यांना फोन यायचा. शेवटी तिनं असं शहर शोधलं, जिथे कोर्ट आहे, खोली परवडते आणि आपल्याला ओळखणारं कुणीही नाही. बॅग भरली आणि निघाली.

"लोक पुढे जायला शहर बदलतात," थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "तू मागे जायला बदलतेस."

"भाडं देऊन दोन वेळ जेवता आलं, तर मी त्याला पुढे जाणंच म्हणेन, दादा."

मागून आईनं एवढंच विचारलं, "खोलीची कडी आतून नीट लागते ना गं?"

कडी नीट लागत होती. गच्चीवरची एकच खोली होती. दार उघडलं की समोर पाण्याची टाकी, तिच्यातून खाली उतरणारे पाइप. मधल्या मजल्यावर घरमालक काका-काकू राहायचे आणि तळमजल्यावर एका मावशींचं पाळणाघर होतं. मावशी सगळ्यांच्याच मावशी. मुलांच्या, त्यांच्या आयांच्या, दूध टाकणाऱ्याच्याही. काकूंनी पहिल्याच दिवशी आपल्या मुलाचं अभ्यासाचं टेबल वर पाठवून दिलं. "तो परदेशातून काही आता अभ्यासाला येत नाही," त्या म्हणाल्या, आणि पुसलेलं टेबल पदरानं पुन्हा पुसलं.

कोर्टात मात्र असं कुणी काही दिलं नाही. वकिलांच्या खोलीत प्रत्येक खुर्चीला न दिसणारा मालक होता. ती बसली रे बसली की कुणीतरी म्हणायचं, "इथे आमचे सर बसतात." शेवटी भिंतीकडच्या कोपऱ्यातल्या एका वकिलांनी बाजूचं स्टूल पायानं सरकवलं. "या. इथे कुणी हक्क सांगणार नाही, कारण इथे पंख्याचा वारा येत नाही." त्यांना सगळे तारीखराव म्हणत. न्यायाधीशांपुढे उभे राहिले की त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य पुढची तारीख मागणारंच निघायचं. त्यांच्या अशिलांचे केस पिकले, पण खटले तरुणच राहिले, असं सगळे हसून सांगायचे.

नवख्या आणि परक्या मुलीला केस कोण देणार? हाती फक्त एकच आशा होती. गावातले सगळ्यात नावाजलेले वकील, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, ते एकदा जिन्यात थांबून म्हणाले होते, "तुम्ही इतरांना लिहून दिलेले अर्ज पाहिले मी. पुढच्या महिन्यापासून या माझ्या ऑफिसात." तेवढ्या एका वाक्यावर ती दिवस काढत होती.

एका सकाळी ती काळ्या कोटाला इस्त्री करत असताना बाहेर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. दार उघडलं तर काका टाकीपाशी वाकलेले, हातात पाना. तळमजल्याकडे जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह ते आवळत होते.

"काय झालं काका?"

ते दचकले. "काही नाही गं पोरी. जरा गळतंय."

गच्ची कोरडी ठणठणीत होती. तिनं ते पाहिलं, आणि मान हलवून आत गेली.

त्याच दुपारपासून पाळणाघराचं पाणी बंद झालं. मावशी शेजारपाजारहून बादल्या आणू लागल्या. बाटल्या उकळायच्या, दुपटी धुवायची, रडणाऱ्या लेकरांना स्वच्छ करायचं, सगळं त्या बादलीत. घर विकायचं काकांच्या मनात होतं. मुलाचा तगादा होता आणि तळमजला रिकामा झाल्याशिवाय गिऱ्हाईक पुढे येत नव्हतं. हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण उघड कुणी बोलत नव्हतं.

दोन दिवसांनी मावशी धापा टाकत गच्चीवर आल्या.

"वकीलबाई, आया म्हणतात, पाणी येत नसेल तर मुलं दुसरीकडे ठेवू. पाळणाघर बंद पडलं की मी आपोआप जाणार, हे घरमालकांना कळतं."

"काकांशी बोललात?"

"पाइप फुटलाय म्हणतात. दुरुस्तीला वेळ लागेल, तोवर दुसरी जागा बघा म्हणतात. तुम्ही काहीतरी करा. माझ्या ओळखीचा दुसरा वकील कोण आहे?"

खाली काकूंच्या हातचा चहा, वर हे टेबल, आणि मधे हा दावा. त्याहून अवघड म्हणजे, आपण काय पाहिलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. जो वकील खटला चालवतो त्यानं त्याच खटल्यात साक्ष द्यायची नसते, हेही ठाऊक होतं. पण पहिली केस समोर उभी होती. ते सांगायची वेळच येणार नाही, असं तिनं स्वतःला बजावलं आणि वकीलपत्रावर मावशींची सही घेतली.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात शिरली आणि तिचं धाबं दणाणलं. काकांच्या बाजूनं 'सर' उभे होते. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, भुवई किंचित उचलली आणि कागद चाळू लागले. मागच्या बाकावर काका-काकू बसले होते. काकूंनी नजर फिरवली.

तिनं सुरुवात बरी केली. लहान मुलं, बंद नळ, बादल्यांचे फोटो, पाणी ताबडतोब सुरू करण्याचा अंतरिम आदेश. मग सर सावकाश उठले.

"साहेब, पाणी बंद आहे हे आम्हाला मान्यच आहे. जुना पाइप आहे, फुटला. आमचे अशील म्हातारे गृहस्थ. त्यांनी मुद्दाम बंद केलं म्हणणारं कुणी आहे का? एक माणूस दाखवा, ज्यानं हे डोळ्यांनी पाहिलं."

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, आहे कुणी?"

नाही म्हणावं, तर ते धडधडीत खोटं. आहे म्हणावं, तर केस गेली, खोली गेली, सरांचं ऑफिसही गेलं. शेजारी मावशी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या सकाळबद्दल तिनं त्यांनाही अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"आहे, साहेब."

"कोण?"

"मी."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग तुम्ही इथे वकील म्हणून कशा उभ्या आहात? हे तुम्हाला आधी सुचायला हवं होतं."

"चूक झाली, साहेब."

"एक काय ते ठरवा. वकील की साक्षीदार? जेवणाच्या सुट्टीनंतर मी हे पुन्हा घेतो. तोवर या बाईंसाठी दुसरा वकील उभा राहिला नाही, तर अर्ज पुढे जाईल."

पुढे म्हणजे निदान महिनाभर पुढे. तोवर पाळणाघरात एकही मूल उरलं नसतं.

ती वकिलांच्या खोलीत धावली. एकाला विचारलं, त्यानं घड्याळ पाहिलं. दुसऱ्यानं सरांचं नाव ऐकताच हात जोडले. तिसरा म्हणाला, "अहो, आम्हाला इथेच राहायचंय." शेवटी ती कोपऱ्यात आली. तारीखराव डबा उघडून बसले होते.

"तुम्ही उभे राहाल?"

"मी?" त्यांचा घास हातातच राहिला. "अहो, माझी ख्याती माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. आज फक्त तारीख मागू नका."

त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. मग डब्याचं झाकण लावलं. "कागद आणा इकडे. आणि मला सगळं सांगा. मघाशी मी मागेच बसलो होतो; अशिलापासून लपवलंत, तसं माझ्यापासून लपवू नका."

ते तिला झोंबलं; ते खरंच होतं. तिनं आधी मावशींना गाठून, आपण का गप्प राहिलो ते सांगितलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "आता तरी बोला म्हणजे झालं."

सुट्टीनंतर तारीखराव उभे राहिले. सवयीनं ओठ हलले, आणि 'ता' एवढं अक्षर बाहेर पडलंही. तिचा जीव टांगणीला लागला. कोर्टात हशा पिकायच्या बेतात होता, तेवढ्यात ते म्हणाले, "ताबडतोब सुनावणी व्हावी, साहेब. आमचा साक्षीदार हजर आहे."

तिनं काळा कोट काढून बाकावर ठेवला आणि पिंजऱ्यात जाऊन शपथ घेतली. पाहिलं तेवढंच सांगितलं; पाना, व्हॉल्व्ह, कोरडी गच्ची, काकांचे शब्द. मग सर उठले.

"तुम्ही यांच्याच घरात राहता. काही तक्रार?"

"नाही. मला तिथे मायेनंच वागवलंय."

"आणि हे पांग फेडताय!"

सर एक पाऊल पुढे आले.

"पहिली केस गाजवायची होती, म्हणून ही गोष्ट रचलीत, असं मी म्हणतो."

"पहिली केस तर मी आत्ताच सोडली, सर."

सरांनी पुढचा कागद उलटला. व्हॉल्व्हचा रंग विचारला, तो कुठल्या बाजूला आहे विचारलं, उजेड किती होता विचारलं. कठडा घट्ट धरून ती उत्तरं देत राहिली. एका प्रश्नाला ती म्हणाली, "ते मला आठवत नाही," आणि सरांनी हातातला कागद मिटला. मग म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही."

न्यायाधीश काकांकडे वळले. "आज गच्चीवर माणूस पाठवून तो व्हॉल्व्ह बघू, की तुम्हीच काही सांगता?"

काका उठले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "सोडतो मी पाणी," ते म्हणाले.

संध्याकाळी तळमजल्यावर नळ खळखळले. मावशींनी दार उघडं टाकून मुलांचे पाय धुतले. ती जिना चढत असताना मधल्या मजल्यावर काकू उभ्या होत्या.

"तू आम्हाला आधी सांगितलं असतंस तर?" काकू म्हणाल्या. "मीच बोलले असते ना यांच्याशी."

त्या सकाळी दारातच ती बोलली असती, तर कदाचित कोर्टाचं तोंडही बघावं लागलं नसतं. "चुकलंच माझं, काकू," ती म्हणाली. काकू आत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही, हळूच लोटून घेतलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

महिनाअखेरीला तिला खोली सोडायला सांगितलं. टायरच्या दुकानामागे दुसरी खोली मिळाली. भाडं थोडं जास्त, रबराचा वास फुकट. सरांच्या ऑफिसातून बोलावणं आलं नाही. जिन्यात भेटले की ते मान मात्र डोलवायचे. मावशींचा खटला काही महिन्यांनी तडजोडीत निघाला; काकांनी त्यांना दोन गल्ल्या पलीकडे नीट जागा शोधून दिली, मग घर विकलं.

भाऊ एकदा फोनवर म्हणाला, "परत ये. बँकेची परीक्षा दे." ती म्हणाली, "बघते." त्याच दुपारी एक गृहस्थ कोपऱ्यातल्या स्टुलापाशी येऊन उभे राहिले. त्या दिवशी ते आपल्या कामासाठी कोर्टात मागे बसले होते.

"त्या पाण्याच्या भानगडीत बोललेल्या बाई तुम्हीच ना?"

"हो."

"शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या माझ्या भिंतीवर येतात. फार मोठं काम नाही हो."

तिनं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. "फांदी भिंतीला टेकलेली तुम्ही स्वतः पाहिलीत," तिनं विचारलं, "की कुणी सांगितलं?"

ते सांगू लागले, आणि ती ऐकू लागली.