मोऱ्याची राहिलेली वरात

कामोठ्याच्या जुन्या गावात सत्यवती घरत कुठं राहतात असं विचारलं, तर सांगणारा जरा घुटमळतो. वरातीची गाडी चालवणाऱ्या काकी म्हटलं, की तोच माणूस दारापर्यंत सोबत येतो. गावाला आता चारी बाजूंनी सेक्टरांचा वेढा पडलाय, गल्लीच्या तोंडाशी क्लासच्या पाट्या लागल्यात, पण पंचेचाळिशीच्या पुढचे कितीतरी पुरुष नवरदेव म्हणून सत्यवतीकाकींच्याच मागच्या सीटवर उभे राहून मिरवलेले आहेत.

गाडी होती हेराल्ड. दोन दारांची, दुधी रंगाची. कापडी टप मागं दुमडला, की वरून सगळी मोकळी. जमिनी नव्या शहरासाठी गेल्या तेव्हा त्यांचे यजमान तुळशीराम यांनी ती पनवेलच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली. तुळशीराम हौशी माणूस. झेंडूच्या माळा कशा सोडायच्या, नवरीचा शालू दारात अडकू नये म्हणून काय करायचं, सगळं त्यांना कळे. गाडी चालवणं तेवढं जमेना. शिकवायला एक मास्तर ठेवला होता, आणि काकी सोबतीला म्हणून मागं बसत. महिन्याभरानं मास्तरनं हात टेकले. म्हणाला, दादा, तुम्ही राहू द्या, मागं बसल्यात त्यांना येईल. तुळशीरामांना याचं काही वाटलं नाही. आपली बायको गाडी चालवते हे ते पुढं प्रत्येक वरातीत बँडवाल्यांना थांबवून सांगत.

हेराल्डची एक खुबी होती. ती फार थोड्या जागेत वळे. जिथं रिक्षासुद्धा उलटी बाहेर काढावी लागते अशा गल्लीत काकी ती एका दमात फिरवत, आणि वऱ्हाडी टाळ्या वाजवत. मग एका लग्नात तिचं पुढचं डावं चाक बुडातून मोडून आडवं झालं. वेग चालण्याचाच होता, कुणाला खरचटलंही नाही. पण नवरदेव उतरून पायी गेला आणि ती गोष्ट गावोगाव झाली. तोवर लोकांना दिव्यांनी झगमगणाऱ्या मोठ्या गाड्या आवडायला लागल्याच होत्या. हेराल्ड घरामागच्या शेडमध्ये गेली ती तिथंच राहिली. काही वर्षांनी तुळशीराम गेले. खाऱ्या हवेनं गाडीचा पत्रा खायला घेतला.

मुलगा निकेश काही वाईट नाही. त्याला आपली गाडी लावायला जागा हवी होती, म्हणून त्यानं एक दिवस भंगारवाल्याला बोलावलं. काकी ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्या उठल्या, मेथीची परात घेऊन शेडमध्ये गेल्या, हेराल्डचं दार ओढून उघडलं आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसून उरलेली मेथी निवडायला लागल्या. भंगारवाला चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी काकी रिक्षा करून पनवेलला गेल्या, महमूदभाईंकडे.

महमूदभाईंनी तरुणपणी याच गाडीच्या सीटा शिवल्या होत्या, लाल रेक्झिनच्या. नंतर ते कुवेतला गेले, तिथं गॅरेजात गाड्या उघडायला आणि जोडायला शिकले, आणि परत येऊन मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांनी दुकान टाकलं. त्यांनी शेडमध्ये येऊन गाडीला एक फेरी मारली, बॉनेट धरून उचललं. हेराल्डचं सगळं नाकच पुढं उघडतं. आत मांजरानं कधीतरी पिल्लं घातली होती. महमूदभाईंनी आत हात घालून एकेक भाग हलवून बघितला. मग म्हणाले की इंजिन जागं होईल, पत्रा नवा लावता येईल, पण चाकाचा पितळी सांधा, काचेभोवतीचं रबर आणि टपाचा सांगाडा, या तीन गोष्टी हिंदुस्थानात मिळणं मुश्किल आहे.

पुढचं दीड वर्ष या तीन गोष्टींमागं गेलं. कुर्ल्याच्या भंगारात शोधून झालं. कोइमतूरच्या एका माणसानं फोटो पाठवले, ते भलत्याच गाडीचे निघाले. शेवटी महमूदभाईंना आपल्या फुफीची, म्हणजे आत्याची, आठवण झाली. फुफीचं घराणं तीन पिढ्या केपटाउनला. तिकडंही एकेकाळी ह्या गाड्या पुष्कळ होत्या. फुफीच्या नातवानं रबर आणि सांधा दोन्ही मिळवलं, आणि पनवेलला एका लग्नासाठी येणाऱ्या आपल्या मामीच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून दिलं. विमानतळावर मामीला बाजूला घेऊन हे काय आहे असं विचारलं गेलं. मामीला ते ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं, दवा कुटायचा खल आहे, आणि अधिकाऱ्यानं तिला जाऊ दिलं. त्या सांध्याला काकी आणि महमूदभाई अजूनही खल म्हणतात.

राहिला टपाचा सांगाडा. तो कुणाच्या बॅगेत मावणारा नव्हता. काकींना एवढंच आठवत होतं, की तुळशीरामांनी तो कधीतरी काढला होता. नवरदेवांच्या पायात येतो, भंगारात दिला, असं ते म्हणाले होते. महमूदभाई म्हणाले की टपाशिवायही गाडी चालेल, पण मग ती शेडबाहेर ठेवता यायची नाही. काकी म्हणाल्या, चालेल.

त्यानंतर महमूदभाई एकदा उरणला मुलीकडे गेले होते. तिथून त्यांना मुंबईत गाडीची काच बघायला जायचं होतं, म्हणून मोऱ्याहून लाँच धरायची ठरवली. जेट्टीवर लाँचला उशीर होता. ते सावली शोधत होते. कडेला एक म्हातारी कोळीण टोपलीत बोंबील आणि मांदेली घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या खाली दोन बांबूंना बांधलेला लोखंडी सांगाडा. ऊन फिरलं तसं म्हातारीनं हात वर करून एक बिजागरी दाबली आणि सगळी सावली अलगद पुढं सरकली. महमूदभाईंनी लाँच सोडून दिली. त्यांनी मांदेली घेतली, वाकून सांगाड्याचे सांधे बघितले, आणि काकींना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी काकी आणि महमूदभाई दोघंही मोऱ्याला आले. म्हातारीचं नाव जनी. काकींनी आपण कोण ते सांगितलं, तशी जनीनं सुरी खाली ठेवली.

"म्हंजे तू तुळशीरामाची बायको. गाडी चालवाची ती."

काकी हो म्हणाल्या. मग जनीनं जे सांगितलं ते काकींना ठाऊक नव्हतं. जनीच्या मुलाचं, विठूचं, लग्न ठरलं तेव्हा तुळशीरामांनी गाडी द्यायचं कबूल केलं होतं. विठूला वडील नव्हते. जनीनं गावभर सांगून ठेवलं होतं की माझ्या पोराची वरात उघड्या गाडीतून निघेल. त्या दिवशी सगळं वऱ्हाड नाक्यावर उभं राहिलं, बँड वाजून वाजून दमला, आणि गाडी आली नाही. शेवटी विठू आणि त्याची बायको सुनंदा पायी गेले. सुनंदाची नवी चप्पल वाटेत तुटली. नंतर कळलं, की त्याच दिवशी गाडी पनवेलच्या एका बिल्डरच्या मुलाच्या वरातीत होती.

काकींना ती वरात आठवली. निघताना तुळशीराम म्हणाले होते, मोऱ्याचं लग्न पुढं गेलंय, आज पनवेलचं करू. काकींनी पुढं काही विचारलंही नव्हतं.

"मग आठ दिसांनी आला तुजा नवरा," जनी म्हणाली. "हितं उन्हात उभा राहला. मी एक शबूद बोलले नाय. तो गेला, आनी परत आला तो ह्यो सांगाडा घेऊन. बांधून दिला, ताडपत्री घातली आनी बोलला, मावशी, आता उन्हात नको बसू. सावली घेतली मी. माफी नाय घेतली."

काकी तिथंच टोपलीजवळ खाली बसल्या. त्यांना तुळशीरामांचा राग आला, आणि तो काढायला माणूस समोर नव्हता. एवढ्या वर्षांत हे त्यांनी घरात एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. दर पावसाळ्याआधी एक ताडपत्री विकत आणून ते कुठं नेत, हे आज उमगलं. महमूदभाईंनी हळूच विषय काढला, की सांगाड्याच्या बदल्यात ते नव्या पाइपांची पक्की सावली करून देतील, ह्याच्याहून मोठी. जनीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती काकींना म्हणाली, "आदी वरात आन. मग ने."

काकी म्हणाल्या, "आनते."

महमूदभाईंना वाटलं हे बोलण्यापुरतं आहे. परतीच्या रिक्षात काकींनी त्यांना विचारलं, गाडी कधी उभी राहील. काकींचा आवाज ऐकून महमूदभाईंनी दुकानातली बाकीची कामं बाजूला ठेवली.

विठूला पटवणं सगळ्यात अवघड गेलं. तो आता पन्नाशीला आलेला, होडीचा मालक, पोट सुटलेला. लोक हसतील म्हणाला. त्याची मुलगी अनुया कॉलेजात जाते, तिला ही गोष्ट नव्यानंच कळली होती आणि ती आजीच्या बाजूनं उभी राहिली. पण विठूला वळवलं सुनंदानं. ती फार बोलणारी बाई नाही. भाकरी थापता थापता ती एवढंच म्हणाली, की मला बसायचं हाय. त्यानंतर विठूनं पांढरा सदरा शिवायला टाकला.

माघातल्या एका रविवारी दुपार कलल्यावर हेराल्ड मोऱ्याच्या नाक्यावर आली. दुधी रंग, लाल सीटा, पुढच्या काचेला नवं रबर. झेंडूच्या माळा काकींनी स्वतः ओवल्या होत्या. निकेश मागून आपली गाडी घेऊन आला होता, आई वाटेत अडकली तर असावं म्हणून. जनी लुगडं नेसून, वेणी माळून नाक्यावर सगळ्यांच्या पुढं उभी होती. काकी उतरल्या, तिच्यासमोर गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी येताना ठरवलं होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, उशीर झाला."

जनीनं त्यांच्या खांद्यावरचा गाडीच्या माळेतून गळलेला झेंडू झटकला आणि म्हणाली, "चल आता. पोरं तापली उन्हात."

बँड वाजायला लागला. सुनंदा हिरव्या शालूत मागं उभी, विठू तिच्याशेजारी मान खाली घालून. पहिल्या वळणापर्यंत त्याला लाज वाटत होती. मग कुणीतरी त्याच्या नावानं ओरडलं, बायका नाचायला लागल्या, आणि त्यानं मान वर केली. लाँचच्या रांगेतली माणसं पिशव्या खाली ठेवून बघायला आली. बाजाराच्या मध्यावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी थांबली. जनी लगबगीनं मासळीच्या बर्फाचं पाणी घेऊन आली, तर महमूदभाईंनी दोन्ही हात आडवे धरले, तापलेल्या इंजिनावर ते ओतू नका, खुदा के वास्ते. इंजिन गार होईपर्यंत बँडवाल्यांनी तिथंच वाजवलं. सुनंदा तेवढा वेळ मागच्या सीटवर नाचून घेत होती. इतक्या वर्षांच्या संसारात विठूनं तिला नाचताना पहिल्यांदा बघितलं असावं, कारण तो बाकी सगळं विसरून तिच्याकडेच बघत राहिला.

जेट्टीच्या तोंडाशी रस्ता संपतो. एका बाजूला जाळी वाळत घातलेली, दुसऱ्या बाजूला रिक्षा. काकींनी चाक पूर्ण फिरवलं आणि हेराल्ड तेवढ्यात वळवली. टाळ्या पडल्या. काकी कधी वरातीत मागं वळून बघत नसत, त्या दिवशी त्यांनी बघितलं.

सांगाडा निघाला तो दुसऱ्या दिवशी. जनीनं महमूदभाईंकडून आधी नवी सावली उभी करून घेतली, तिच्याखाली बसून बघितली, इथं ऊन येतं, तिथं येतं म्हणून दोनदा बदलून घेतली, आणि मगच जुन्या गाठी सोडायला परवानगी दिली. लोखंड गंजलेलं होतं, पण बिजागऱ्या शाबूत होत्या. इतकी वर्षं रोज उघडमीट झाली म्हणूनच त्या वाचल्या, असं महमूदभाई म्हणतात. त्यांनी सांगाडा घासून रंगवला आणि वर काळ्या कॅनव्हासचा टप शिवला. मासळीचा वास मात्र काही केल्या जात नाही. ऊन तापलं की तो सांध्यांतून येतोच, आणि कामोठ्यातली मांजरं शेडभोवती बसून राहतात. निकेशची गाडी आता रस्त्यावर असते.

मध्ये एकदा काकींनी जनीला टप घातलेल्या गाडीतून फिरवून आणलं. जनी पुढं बसली होती. करंज्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती वरचं कापड, शिवण, बिजागरी, सगळं हातानं चाचपून बघत होती. काकींनी विचारलं, कसं वाटतंय.

"कोंडल्यावानी होतं गो," जनी म्हणाली. "काढ ता वरचा."

काकींनी गाडी कडेला घेतली, उतरून टप मागं दुमडला, आणि दोघी तशाच पुढं गेल्या.