राबाची चौकट

सातवीच्या वर्गात मी टॅबवरच्या अ‍ॅपमध्ये माहितीचित्रं करून घेते. एका पानावर, चित्रांतून, सगळी माहिती मांडायची. त्या आठवड्यात विषय होता भातशेती. म्हसळ्याजवळच्या आमच्या शाळेतल्या मुलांत भात न लावणारं घर शोधावं लागेल, म्हणून मला वाटलं, हे सोपं जाईल.

एका मुलीचं पान फार देखणं झालं होतं. नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी, सगळं बाणांनी जोडलेलं. पण राब कुठेच नव्हता. पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा भाजतात, ते काम.

"राब कुठे गेला गं? तुमच्याकडे भाजत नाहीत?"

"भाजतात की, बाई. पण अ‍ॅपमध्ये त्याचं चित्रच न्हाय." मग हळूच म्हणाली, "आणि ते आपलं गावठी काम. माहितीत कशाला?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि मला शिकवलं ते राब भाजणाऱ्या आईबापांनीच. तिचं ते बोलणं मला तसंच सोडवेना.

"कागदावर काढ, फोटो घे आणि पहिल्या चौकटीत लाव," मी म्हटलं.

तिने राबाशी डोळे मिटून उभी असलेली आपली आई काढली. शेजारची हसली, "तुझी आई उभ्या उभ्या झोपलीय काय गं?"

"धूर जातो डोळ्यांत. तू भाज एकदा, मग बोल," ही म्हणाली, आणि बाकीच्या चौकटी लहान करून तिने पहिली मोठी केली.