मद्रासच्या सामन्याचं प्रस्थान

अण्णाचा शेवटचा सामना मद्रासला होता आणि अप्पांनी त्याला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. आम्ही निघालो ते तेवढ्यासाठी.

अण्णा माझा मोठा भाऊ. कारखान्यात नोकरीला होता आणि कारखान्याच्याच फुटबॉल संघात डावीकडून खेळायचा. फुटबॉलसाठीच त्यानं कॉलेज अर्धवट सोडून ही नोकरी धरली, आणि आमच्या वडिलांनी, अप्पांनी, ते मनाला लावून घेतलं. बेंगळुरातले सामने आमच्या चामराजपेटेतल्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर व्हायचे. अप्पा कधी गेले नाहीत. "चड्डी घालून पळायला पगार देतात म्हणे," एवढंच म्हणायचे. अण्णाही बोलावत नसे. मग त्याची तिशी उलटली, गुडघा कुरकुरू लागला, आणि मद्रासचा अंतिम सामना झाला की खेळणं थांबवणार असं त्यानं घरात सांगितलं. अप्पा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. काही दिवसांनी जेवता जेवता ते म्हणाले, "मद्रासला किती वाजता पोचते ती सकाळची गाडी?"

अण्णानं मान वर केली नाही. पण त्या दिवशी तीनदा भात वाढून घेतला.

जाणार होतो अप्पा आणि मी, आणि तयारी माझ्याकडे आली. मी तेव्हा बावीस वर्षांची, एका कचेरीत टंकलेखिका होते, आणि घरातल्या याद्या मीच करायची. तिकिटं, शनिवारची रजा, मद्रासला आईच्या मावसभावाला पत्र, अप्पांची औषधं, फिरकीचा तांब्या, गाडीत खायला चित्रान्न आणि दहीभात. अण्णा संघाबरोबर गुरुवारीच गेला. जाण्याआधी त्यानं माझ्या वहीत मैदानाचा नकाशा काढून दिला. "या बाजूच्या बाकांवर बसा. पूर्वार्धात मी तुमच्यासमोरूनच पळेन. अकरा नंबर. अप्पांना पुढच्या ओळीत बसव."

अडचण आली वाराची. सामना रविवारी, म्हणून निघायचं शनिवारी. मद्रास पूर्वेला, आणि शनिवारी पूर्वेला जायचं नाही हे आमच्या घरात पक्कं. त्यातून गाडी पावणेदहाची, म्हणजे घर सोडायचं ते नेमकं राहुकाळात. यावर उपाय ठरलेला होता: प्रस्थान. आदल्या दिवशी चांगली वेळ बघून प्रवाशाची एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. निघताना ती वस्तू उचलायची आणि मागे न वळता पुढे जायचं.

आई फडक्यात सुपारी आणि अक्षता बांधत होती. म्हणाली, "त्यांच्या वापरातलं काहीतरी दे. धोतर दे." धोतर मी ट्रंकेत घालून कुलूप लावून टाकलं होतं. अप्पांचे चष्मे दोन. वाचायचा दिवसभर नाकावर असायचा. लांबचं बघायचा मात्र बाहेर पडताना हमखास घरी राहायचा. मी तोच दिला. प्रस्थानातली वस्तू कोणी विसरत नाही, असा माझा हिशेब. यादीत चष्म्यापुढे खूण केली. शुक्रवारी सकाळी गाठोडं समोरच्या कन्नड अज्जींच्या देवघरात गेलं.

शनिवारी नऊला घोड्याचा जटका दारात आला. मी गाठोडं आणायला समोर गेले, तर दाराला कुलूप. पलीकडची बाई म्हणाली, पहाटे गावाहून माणूस आला, अज्जींचा भाऊ वारला, घरातले सगळे पहिल्या बसनं गेले. मी कुलूप ओढून पाहिलं. मागच्या खिडकीतून देवघराचा कोपरा दिसत होता, गाठोडं दिसत नव्हतं. चष्म्याची दुकानं उघडायला अजून तास होता.

"प्रस्थानच अडलं," आई म्हणाली. "आता निघू नका."

"गाडी नाही अडलेली," अप्पा म्हणाले.

"जाऊन तुम्हाला दिसणार काय?"

जटकेवाला म्हणाला, "स्वल्प लौकर, अक्का."

"हिला दिसेल," अप्पा म्हणाले आणि जटक्यात चढले.

मी तोवर एकही सामना पाहिला नव्हता.

मद्रासला मामांकडे पोचेपर्यंत रात्र झाली आणि दुसरा दिवस रविवार, दुकानं बंद. मामांचा चष्मा लावून पाहिला. त्यानं जास्तच धूसर दिसायला लागलं.

मैदानावर पुढची ओळ मिळाली. अप्पांना हिरवा पट्टा आणि त्यावर हलणारे ठिपके, इतकंच दिसत होतं. "कुठाय?" ते दर मिनिटाला विचारायचे. मी सांगायची: डावीकडे, रेषेजवळ. आता पळतोय. चेंडू दिला. परत आला. पूर्वार्ध असा निभावला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि अण्णा मैदानाच्या पलीकडच्या कडेला गेला. धूळ उडत होती. त्याच्याच अंगकाठीचा, तशाच केसांचा एक खेळाडू आपटला आणि माझ्या तोंडून गेलं, "अण्णा पडला!"

अप्पांनी माझं मनगट धरलं. "उठला का?"

"उठला. लंगडतोय."

मग त्या खेळाडूनं पाठ फिरवली. आठ नंबर होता. मी सांगणार, तेवढ्यात समोरच्या संघानं गोल केला आणि सगळं मैदान उठून ओरडायला लागलं. ते शांत झाल्यावर मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अप्पांनी मनगट सोडलं नव्हतं आणि ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "पळतोय ना?" मी म्हणत होते, पळतोय.

आमचा संघ एका गोलनं हरला.

बाहेर झाडाखाली थांबलो. अण्णा पिशवी घेऊन आला, तोंड उतरलेलं. तो काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "पडलास तेव्हा गुडघ्याला फार लागलं का रे?"

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मग अप्पांच्या नाकावरच्या वाचायच्या चष्म्याकडे पाहिलं, बराच वेळ. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"स्वल्प लागलं," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं तर. लगेच उठून पळालास."

अण्णा झाडाच्या पारावर बसला आणि विजारीचा पाय वर सरकवून गुडघा पुढे केला. अप्पा त्याच्या समोर वाकले. दोन्ही हातांनी त्यांनी गुडघा सगळीकडून चाचपला, दाबून बघितला, पुन्हा चाचपला.

"सूज नाही," ते म्हणाले.