उरलेल्या गोळ्यांचा डबा

मंडळी, आज भर वॉर्डात मला तोंड लपवावंसं वाटलं.

शेजारच्या काकू लघवीच्या इन्फेक्शनमुळे माणिकपूरच्या हॉस्पिटलात ॲडमिट आहेत. मी पेज घेऊन गेले, तेवढ्यात डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. "हे जंतू नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांना दाद देत नाहीत. आता शिरेतूनच औषध द्यावं लागेल. आधी काही घेत होतात का?"

काकूंनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही आहे ना आमची! जळजळ झाली की हिच्याकडून दोन गोळ्या घेते. बरं वाटलं की बंद."

"दोन गोळ्यांनी नरम जंतू मरतात," डॉक्टर म्हणाले, "चिवट तेवढे उरतात आणि वाढतात."

आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेल्या गोळ्या कुणी फेकत नाही, माझ्याकडे आणून देतात. बिस्किटांचा अख्खा डबा भरलाय. केवढा मिरवायचे मी तो!

निघताना काकूंनी माझा हात धरला. "तू होतीस म्हणून इतके दिवस निभावलं गो."

घरी आले तर बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज: "ताई, मुलीचा घसा दुखतोय, डब्यात काही आहे का?"

'नाही' एवढंच लिहिलं. का नाही, ते बिल्डिंगला सांगायचा धीर होईना, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय. तुमच्याकडे आहे का असा डबा?