शेळकेकाकांचा आवाज

शेळकेकाका काही खाजगी सांगायला लागले की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घ्यायचो. तरीही समोरचा पानवाला दुसऱ्या दिवशी मला तीच गोष्ट सांगायचा. काकांची उभी हयात इंदूरच्या एका कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात गेली होती. कान अधू झाले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशा समजुतीने ते बोलत.

गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते. बरोबरचे कोणी ऑटो चालवू लागले, कोणी घरी बसून राहिले. काकांनी जुन्या ओळखीवर लग्नांचं शूटिंग करायला सुरुवात केली. सुदामा नगरातल्या माझ्या सायबर कॅफेत ते पहिल्यांदा आले तेही कॅसेट घेऊनच. मुलगी सुनीता लग्न होऊन अमेरिकेला गेलेली, तिला रिया झालेली. नातीने आपल्याला ओळखलं पाहिजे, एवढाच त्यांना ध्यास होता.

"भिया, ये अमेरिकेला पाठवून द्या," त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली. "पूरी भरलेली आहे."

तेव्हाच्या टेलिफोनच्या लाइनवरून अख्खी कॅसेट सोडा, साधा फोटो जायची मारामार. मी त्यांना समजावलं की यातला इवलासा तुकडा कापायचा, आवाज काढून टाकायचा, रंग कमी करायचे, की त्याचं हलतं चित्र होतं. ते मेलमधून जातं, आणि उघडलं की आपोआप पुन्हा पुन्हा चालत राहतं. कॉम्प्युटरवाले त्याला जिफ म्हणत. काका त्याला झुला म्हणू लागले.

हे काम त्यांनी शिकून घेतलं आणि मला जेरीस आणलं. चित्र संपून पुन्हा सुरू होताना जरासा झटका बसला, की सगळं मोडून नव्याने करायचे. "गाठ दिसली तर कापड रिजेक्ट, जोशीजी," असं म्हणून खुर्ची पुढे ओढायचे. दर रविवारी एक झुला जायचा. पोह्यांवर शेव भुरभुरणारे काका, स्कूटरला किक मारणारे काका, टोपी उडवून झेलणारे काका. रिया जेवताना आजोबांना समोर लावून बसते, असं सुनीताचं उत्तर आलं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं, म्हणजे सगळ्या रस्त्याला.

रिया चार वर्षांची असताना मायलेकी इंदूरला आल्या. काकांनी मला कॅमेरा घेऊन घरी बोलावलं होतं. ऑटो दारात थांबला आणि काका धावले. "आली माझी छोरी, आ जा, आजोबांकडे आ जा." पोरीने आईच्या मागे तोंड लपवलं आणि भोकाड पसरलं. तिच्या आजोबांना आवाज नव्हता. ते गप्प राहून हसायचे आणि टोपी उडवायचे. हा ओरडणारा म्हातारा कोणी भलताच होता. काका घरात असले की ती आतल्या खोलीतून बाहेर येईना.

काका माझ्याकडे येऊन बसले. "हळू बोलायला जातो, पण हळू म्हणजे कितना, तेच मला समजत नाही. और ती तर महिन्याभरात चालली जाईल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणंच बंद केलं. मागांच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून गिरणीत सगळं खुणांनी चाले. चहा आला, साहेब येतोय, तुझा धागा तुटला, सगळ्याला खुणा होत्या. काकांनी त्या बाहेर काढल्या. सकाळी अंगणात उभे राहून टोपी उडवली, झेलली, पुन्हा उडवली. रिया पडद्याआडून बघत होती. ते थांबले की ती बोट वर करून पुन्हा सुरू करायला लावायची. दंड भरून येईपर्यंत ते उडवत राहिले. संध्याकाळी ती त्यांच्या मांडीवर बसली होती, आणि चहाच्या खुणेने दूध मागत होती.

मग महिनाभर काका तिच्यासमोर एक शब्द बोलले नाहीत. काकूंशी भांडायचं असलं तर माझ्या दुकानात येऊन घरी फोन लावायचे. मी एकदा विचारलं, "काका, असं किती दिवस चालणार? पोरगी मोठी होईल तेव्हा काय?"

"तेव्हा बोलू ना," ते म्हणाले. "अभी मांडीवर बसली आहे, बसू दे."

पुढच्याच हिवाळ्यात काका झोपेत गेले. मला ते फार लागलं. दुकानातली शांतता मला किती तरी दिवस सहन होत नव्हती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुनीता रियाला घेऊन माझ्याकडे आली. रिया आता आईच्या खांद्याला लागली होती. काकांचे सगळे झुले मी जपून ठेवले होते, ते तिला लावून दिले. मूळ चित्रण कुठलंच उरलं नव्हतं. काका एकच कॅसेट पुसून पुन्हा वापरत. लग्नांच्या कॅसेटवर कॅमेऱ्यामागून त्यांचा आवाज ऐकू आला असता, पण आवाजाच्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने सिनेमाची गाणी भरली होती.

रियाने एकेक झुला बराच वेळ पाहिला. मग जपून, मोडक्या मराठीत विचारलं, "अंकल, आजोबांना बोलता येत नव्हतं ना?"

मी म्हटलं, "येत होतं गं, खूप मोठ्याने येत होतं."

रिया माझ्याकडे बघून हसली. आपलं मन राखायला कोणी काही बोललं की आपण हसतो, तशी. तिला ते पटलं नव्हतं.