चेहरे घ्यायचे नाहीत

गल्लीत सगळे त्याला फोटोवाला म्हणत. ओळखपत्रांचे फोटो काढण्यात त्याची हयात चालली होती. "हनुवटी वर, खांदे सरळ, हलू नका," हे तो झोपेतही बडबडतो, असं बायको सांगायची. गावभरचे चेहरे त्याच्याकडे होते. सख्ख्या बहिणीचा तेवढा नव्हता.

कॉलेजात असताना दोघंही आंदोलनात होती. सिनेमाचा कॅमेरा ह्याच्या खांद्यावर. पुढाऱ्याची सक्त ताकीद होती: मोर्चा मागूनच टिपायचा, चेहरे घ्यायचे नाहीत, रीळ पोलिसांच्या हाती लागलं तर सगळेच गोत्यात येतील. हा पठ्ठ्या भलताच आज्ञाधारक. शेवटच्या मोर्चात बहीण हसत मागे वळली, "दादा, माझा एक घे की!" म्हणाली, आणि ह्या शहाण्याने कॅमेरा खाली केला. थोड्याच वेळात तिच्या डोक्यात लाठी बसली आणि ती जागीच गेली. पुढे घराची झडती झाली. पोलिसांनी भिंतीवरचे, कपाटातले सगळे फोटो नेले, ते नेलेच.

वीसेक वर्षांनी त्या काळच्या विद्यार्थी आंदोलनांवर एक चित्रपट निघाला. त्यात तेव्हा न बघताच पुढाऱ्याकडे दिलेली आपलीही रिळं आहेत हे कळल्यापासून फोटोवाल्याच्या जिवाला चैन पडेना. कॅमेरा खाली जाता जाता तिचा चेहरा आला असेल का? न राहवून तो आईला बोलून बसला, "आपली चिमणी दिसेल बहुधा." बोलायला नको होतं. म्हातारी इतके दिवस मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळत होती, ते तिने आठवड्यात करून घेतलं.

थिएटरात आईने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावर नुसत्या पाठीच पाठी.

"ह्यातली आपली कोणती रे?"

"ती, लांब वेणीची. बघ, आता वळेल."

वेणी हलली. कान दिसला, गालाची कड दिसली, आणि पुढे रस्त्यावरचे दगड आणि बूट.

लगेच पडदाभर पुढारी आला. नियम करणाऱ्याने स्वतःचा चेहरा मात्र ह्याच्याचकडून हौसेने काढून घेतला होता, इतिहासाला लागेल म्हणून. आता तो मंत्री होता. कपाळावरची बट सावरत तो बराच वेळ हसत राहिला. फोटोवाल्याला तिथून उठून पळावंसं वाटलं, पण आईने हात सोडला नव्हता.

"ह्या मेल्याचा बरा काढता आला तुला," ती म्हणाली.